मी, तीस हजार एकोणतीस

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. किती जुना, ते विचारू नका. समोरचे डोंगर वर आले तेव्हा मी होतो, आणि खाडीत पहिले खारे पाणी शिरले तेव्हाही मी माझ्या जागेवर बसूनच होतो. कुणी हाक मारीपर्यंत आकड्याने करायचे तरी काय? बसायचे. तसा मी बसलो.

माझे नाव तीस हजार एकोणतीस. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. आता खरे सांगतो, माझ्यात काडीचेही कमी नाही. पण नाव ठेवणाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही, माझ्या शेजाऱ्याकडे पाहिले आणि मला ‘त्याच्यापेक्षा एक उणा’ म्हणून मोकळे झाले. दुसऱ्याकडे बघून ज्याचे नाव ठेवतात, त्याचे पुढे काय होते ते या गोष्टीत येईलच.

आम्हां आकड्यांची एक आळी असते. एक टोक माहीत आहे, दुसरे अजून कुणी पाहिलेले नाही. त्या आळीत प्रत्येकाच्या घरी पाहुणे येतात. पाहुणा कोण? जो आपल्याला सारख्या वाट्यांत वाटून घेतो आणि मागे काही उरू देत नाही, तो. सहाच्या घरी दोन येतो, तीन येतो. पंधराच्या घरी तीन आणि पाच. माझा शेजारी तीस हजार तीस, त्याच्याकडे तर बाराही महिने लग्नघर. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सगळे एका पंगतीला बसतात आणि एकाच्याही पानावर शीत उरत नाही. अलीकडच्या तीस हजार अठ्ठावीसकडे एवढी गर्दी नाही, पण दोन आणि चार तरी येऊन पान खाऊन जातात.

आणि माझ्याकडे? माझ्याकडे एक येतो. पण तो वाऱ्यासारखा, सगळ्यांच्याच घरांतून जाणारा, त्याला पाहुणा कोण म्हणेल? उरलो मी. आपल्याच घरी आपणच पाहुणा.

कुणी आलेच नाही असे मात्र नाही. दोन आला आणि हातात एक उरलेला पाहून लाजून गेला. तीन आला, दोन उरले. पाच आला, चार उरले. सातच्या हाती सहा, अकराच्या हाती दहा, तेराच्या हाती बारा. दर वेळी तेच! आणखी एक असता तर सगळ्यांचे भागले असते. प्रत्येक जण दारातून वळून माझ्याकडे असे बघायचा, की जणू तो एक मीच कुठे दडवून ठेवला आहे.

नंतर मोठे मोठे आले. तेवीस आणि एकोणतीस ठरवून आल्यासारखे आले आणि दोघांनीही चौदाच उरवले. सगळ्यांत शेवटी आला एकशे त्र्याहत्तर. थोराड, शांत गडी. त्याने मला एकशे त्र्याहत्तरच्या ओळीत मांडले, अशा एकशे त्र्याहत्तर ओळी झाल्या, मोठा चौरस चौक पडला. शंभर उरले. दुसरा असता तर उठून गेला असता. याने त्या शंभराचा दहा बाय दहाचा धाकटा चौक शेजारी मांडला आणि म्हणाला, “पाहुणा म्हणून मला राहता येत नाही. पण तुझे दोन चौक बघ कसे नेमके बसले. असे दोन चौक तुझे याच एका रीतीने पडतात, दुसऱ्या नाही.” एवढे बोलून तो गेला. त्याच्यानंतर मी दार लावून घेतले. कारण मोठा पाहुणा कधी एकटा येत नाही, आपला धाकटा जोडीदार घेऊनच येतो, आणि धाकटे तर सगळे येऊन गेले होते.

तुम्ही म्हणाल, पलीकडचा तीस हजार एकतीस तरी सोबतीला असेल. मलाही तसेच वाटायचे. त्याच्याकडेही दोन-तीन-पाच फिरकत नव्हते. एकदा सहज डोकावलो, तर आत एकोणसाठ आणि पाचशे नऊ पाय पसरून बसलेले! मागल्या दाराने आलेले. थाप वाटते? एकोणसाठला पाचशे नवाने गुणा आणि मग या भांडायला.

असो. तर असा मी, वाटला न जाणारा, आळीत तोंड मिटून बसलेला. आणि एके दिवशी मला माणसाची हाक आली.

ठाण्याच्या खाडीवरून आगगाडी जायला लागून तेव्हा पंचवीस-एक वर्षे झाली असतील. ठाणे आणि डोंबिवली यांच्या मध्ये खाडीकाठी तेरा घरांची एक वाडी होती. सगळी मिठागरात राबणारी माणसे. घरे कुडाची, वर गवताचे छप्पर. त्या साली शिमग्याच्या वाऱ्यात एका चुलीची ठिणगी उडाली आणि बसल्या जागी तेराही छपरे जळाली. कुणाच्या चुलीची, ते त्यांनी शोधले नाही. तेवढा शहाणपणा तेव्हा त्यांच्यात होता.

सगळ्यांनी मिळून ठरवले, आता गवत नको, कौले घालू. कल्याणच्या काळुराम कुंभाराला सांगितले. वाडीने त्याला माती वाहून दिली, भट्टीला लाकूड दिले आणि त्याने चाकावर नळीची कौले वळली. माल पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, यायचा होता. काळुराम बोलायला मोठा फटकळ.

“तेरा घरं. दर घराला तेवीसशे दहा,” तो म्हणाला. “फुटलं तर पडावातच बदलून देईन. एकदा काठाला लागलं, की मग माझ्या नावानं बोंब नाय मारायची!”

तेरा घरे, घराला तेवीसशे दहा. म्हणजे किती? तीस हजार तीस. माझा शेजारी! त्याच्या घरी वाजंत्री सुरू झाली, आणि मी आपला खिडकीतून बघत होतो.

कौले येणार त्याच्या आदल्या दिवशी वाडी गावदेवीपुढे जमली. देवी म्हणजे भेंडीच्या, भाजीच्या नव्हे, मोठ्या झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. प्रत्येकाने हातावर मीठ घेऊन शपथ घेतली, की वाटे होईपर्यंत एकही कौल कुणी उचलणार नाही. जो उचलेल, त्याचा विस्तव बंद. तुम्हांला काड्यापेटीच्या जमान्यात हे कळायचे नाही. चूल विझली की शेजारणीकडून निखारा आणायचा, अशी रीत होती. विस्तव बंद म्हणजे बोलणे बंद, पाणी बंद, मदतीचा हात बंद. माणूस जिवंत, पण वाडीच्या मोजणीतून वजा.

आता त्या वाडीची मोजण्याची रीत कशी होती, ते नीट ऐका. गोष्टीचे सगळे मूळ तिथे आहे.

आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. इतर गावांत लाभ, मग दोन, मग तीन. या वाडीची तऱ्हा निराळी. मिठाची पहिली पाटी ते देवीपुढे रिकामी करायचे आणि ओरडायचे, “लाभ!” ते मीठ मातीत विरायचे. ते कुणाच्याच वाट्याचे नव्हते. म्हणून मोजणी त्याच्या पुढच्या पाटीपासून, ‘एक’ म्हणून सुरू व्हायची. बापजाद्यांपासून हेच चालत आलेले. मिठापुरते अगदी बरोबर.

जेरोम नावाच्या नावाड्याच्या पडावातून कौले आली. उतरवून मोजायला उभा राहिला धाकू. वाडीचा म्होरक्या, पांढऱ्या मिशांचा, आवाज असा की पलीकडच्या काठाचे बगळे उडायचे. मोजण्याचा मान त्याचा. त्याने पहिले कौल हातात घेतले, देवीच्या पायाशी ठेवले, त्यावर हळदकुंकू वाहिले आणि गर्जला, “लाभ!”

मग पुढचे कौल उचलले आणि म्हणाला, “एक!”

कौले हातोहात सरकत होती. वीस झाली की एक खडा मडक्यात. दोन दिवस हे चालले. दुसऱ्या दिवशी खडे मोजले, पंधराशे एक भरले. वर सुटी कौले हवी होती दहा. होती नऊ.

धाकूने टोपी काढून डोके खाजवले आणि म्हणाला, “तीस हजार एकोणतीस.”

मित्रांनो, जगाच्या आरंभापासून मी या हाकेची वाट पाहिली होती. अंगावर काटा आला माझ्या! मी आळीतून धावत बाहेर आलो. पाहतो तो काय, सगळ्यांची तोंडे उतरलेली. मला बघून आनंद झालेला एकही चेहरा तिथे नव्हता.

“परत मोज,” रघु म्हणाला. रघु हा तिथला सगळ्यांत तिखट जिभेचा तरुण गडी.

“धाकूची मोजनी चुकली असं आजपत्तर कुनी म्हनलंय का?” धाकू गुरकावला.

तरी त्यांनी माझी परीक्षा घेतली. पाच-पाचाच्या चळती लावल्या, शेवटची चळत एकाने कमी. सात-सातच्या लावल्या, शेवटची एकाने कमी. अकराच्या लावल्या, तेच. तेरा वाटे केले, बारा पुरे, तेरावा एकाने उणा. माझा स्वभावच तो, मी काय करणार? पण त्यांना वाटले, ढीगच ओरडून सांगतो आहे, की एक गेले, एक गेले, एक गेले!

“काळुराम खोटा नाय,” धाकू म्हणाला. “म्हनजे मीठ हातावर घेऊन कुनीतरी खोटं बोललं.”

रात्री ढिगाची राखण पाळीने झाली होती. प्रत्येक घरातून दोघे-तिघे बसले होते. नवऱ्याला बायको साक्षीला, भावाला भाऊ. एकच पाळी अशी होती, की जिथे एकटे माणूस बसले होते. ती ठमाबाईची.

ठमाबाईचे घर तेरावे, खाडीच्या अगदी तोंडाशी. नवरा वादळात गेलेला, मूलबाळ नाही. मिठागरात पाट्या उचलून पोट भरायची. उंच, काटक, कमी बोलणारी. मी तिच्याकडे पाहिले आणि मला वाटले, अरे, ही तर आपल्याच आळीतली!

“ठमे, सांगून टाक,” रघु म्हणाला. “नेलं असशील तर ठेव आनून.”

“मी नाय नेलं.”

“मग काय कवलाला पाय फुटले?”

“पाय तुझ्या जिभेला फुटलेत,” ठमाबाई म्हणाली. “एका कवलाचं मी काय करनार होते रं? डोक्यावर घालून फिरनार होते?”

कुणीतरी फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. धाकू हसला नाही.

“तुझ्या पाळीला तुझ्याजवळ कोन व्हतं?” त्याने विचारले.

“माझ्याजवळ कवा कोन असतं, धाकूभाऊ?”

आणि मित्रांनो, एकट्या माणसाचे हेच दुखणे असते. त्याने काही केले नाही, हे बघायला तिथे कुणी नसते.

तिचा विस्तव बंद झाला. तेरावा वाटा, एकाने उणा असलेला, तिलाच दिला. बारा घरांची छपरे सगळ्यांनी मिळून, गाणी म्हणत चढवली. तिच्या छपराला कुणी हात लावला नाही. ती एकटीच खालून टोपलीत कौले भरायची, शिडीवर चढायची, रचायची, पुन्हा उतरायची. पाण्यावर गेली की बाया घागर उचलून वाट सोडायच्या. एकदा धाकूची बायको गोदा विहिरीवर नजर चुकवून म्हणाली, “जेवलीस का गं?” आणि स्वतःच दचकून निघून गेली. त्या दिवसांत ठमाबाईशी वाडीतले कुणी बोलले असेल, तर ते एवढेच.

बोलायला तिला मीच होतो. खोटे वाटेल, पण ती माझ्याशी बोलायची. कौल रचता रचता मध्येच थांबून म्हणायची, “तीस हजार एकोनतीस. कुठनं आलास रं बाबा तू? काय वाकडं केलं मी तुझं?”

मला ओरडून सांगावेसे वाटायचे, की बाई, मी खरा आहे, पण तुमच्या कौलांचा मी नव्हे! मी माझ्या घरी पुरा आहे. माझ्यातून कुणी काही चोरलेले नाही. तुम्ही ज्याला शोधता तो दुसरीकडे बसला आहे, आणि मी चुकून त्याच्या पाटावर आलो आहे. पण आकड्याला तोंड कुठे असते? त्याला दुसऱ्याच्या तोंडी यावे लागते. आयुष्यात एकदा हाक आली, तीही अशी. जिच्याजवळ बसायला मला आवडले असते, तिच्याच गळ्यात मला धोंड्यासारखे बांधले होते.

आता तुम्हांला एक गंमत सांगतो. गंमत म्हणतो, पण तेव्हा मला हसू येत नव्हते. वाडी रोज सकाळी मिठागराकडे निघताना भेंडीखाली थांबायची. देवीला हात जोडायची, मग लाभालाही हात जोडायची, कुणी त्यावर फूल ठेवायचे. रघु तर एके दिवशी हात जोडून मोठ्याने म्हणाला, “आई, त्या एका कवलाचा छडा लाव!” आणि पाया पडताना त्याचे कपाळ त्या कौलालाच लागले. मी आकडा आहे म्हणून बरे. माणूस असतो तर तिथेच कपाळ बडवून घेतले असते.

शेजारी किरिस्तावांची वाडी होती. तिथली बर्नाडेट, जेरोम नावाड्याची बायको, ठमाबाईच्या जोडीने मिठागरात पाट्या उचलायची. तिला या वाडीची बंदी लागू नव्हती, आणि असती तरी तिने ती मानली असती असे मला वाटत नाही. तिचा नवरा कौले पोचवून वर वसईकडे गेला होता. ठमाबाईच्या चुलीचे कळले तशी ती एका खापरात निखारे घेऊन, राखेने झाकून, बांधावरून तरातरा आली.

“इतके दिवस थंड खाल्लंस?” तिने दारातूनच विचारले. “तुझ्या तोंडाला काय झालेलं? मला सांगता येत नव्हतं?”

“तुला कशाला माझ्यात ओढू?”

“ओढायला मी काय होडी हाय?” बर्नाडेटने लुगड्याचा काचा आवळला. “चल, वर चढ. मी कवलं देते.”

ती आल्यावर काम झपाट्याने झाले. एक खालून द्यायची, एक वर रचायची. शेवटी आढ्याजवळ एका कौलाएवढी जागा उघडी राहिली. खाली कौल शिल्लक नव्हते. त्या भोकातून उन्हाचा एक लांबट तुकडा घरात येऊन बरोबर चुलीपुढे पडला. ठमाबाई वरून त्याकडे पाहत राहिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “ऊन तरी येईल घरात माझ्या. तेवढंच कुनी आल्यासारखं.”

मित्रांनो, हे ऐकले आणि माझ्या दोन्ही चौकांत शुकशुकाट झाला.

“राहू दे काय, राहू दे!” बर्नाडेट भडकली. “ह्या भोकातून सगळी खाडी उतरेल पावसात. थांब, मी तुमच्या त्या मिशाळ म्हाताऱ्याला विचारते.”

धाकू भेंडीच्या पारावर बसला होता. रघु आणि आणखी दोघे-चौघे दोरखंड वळत होते. बर्नाडेट येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“धाकूबाबा, एक कवल दे.”

“कुठनं देऊ? सगल्यांचं मोजून दिलंय. तिनं नेलेलं तिला काढायला सांग.”

“नेलं असतं तर आढ्याला लावलं नसतं तिनं? उघडं कशाला ठेवलं असतं?” बर्नाडेट म्हणाली आणि बोलता बोलता तिची नजर देवीच्या पायाशी गेली. “मग ते काय?”

“काय?”

“ते. फुलं वाहिलेलं.”

“तो लाभ हाय.”

“मी नाव नाय विचारलं त्याचं. हाय काय ते?”

धाकूने हिला काहीच कसे कळत नाही, अशा नजरेने पाहिले. “अगो, लाभ म्हनजे पहिला. देवीचा. मिठाच्या पाटीचा नसतो का?”

“मिठाची पाटी विरघळते, म्हनून ती जाते. हे विरघळलं का?”

“नाय.”

“काळुरामच्याच भट्टीचं ना?”

“हो.”

“माझ्या जेरोमच्याच पडावातनं उतरलं ना?”

“हो गं बाई, हो.”

“मग तू ह्याला मोजलंस?”

“किती वेळा सांगू, लाभ मोजत नसतात,” धाकू म्हणाला, “लाभाला सोडून मग एक...”

आणि तो थांबला. तोंड उघडेच राहिले. हात हवेत ‘एक’ दाखवत तसाच थांबला.

रघु हळूच म्हणाला, “पन... आपन तर रोज ह्याच्या पाया पडतो.”

“पडा, पडा,” बर्नाडेट म्हणाली. “आता उठून तिच्या पाया पडा.”

मी तिथेच उभा होतो. मला कळले, की माझे काम संपले. माझ्यात एक मिळाला की मी मी राहत नाही. पण खरे सांगतो, कुणी जाताना इतका हलका झाला नसेल.

धाकू उठला. देवीसमोर उभा राहिला, पण हात पुढे होईना. “देवीला दिलेलं कसं उचलू?” तो पुटपुटला. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज इतका बारीक मी प्रथमच ऐकला.

गोदा मघापासून दाराआडून ऐकत होती. ती पुढे आली. “देवी भेंडीखाली गार बसलीय. तिला छप्पर लागत नाय, ठमीला लागतं,” ती म्हणाली. “उचला. आनि हलद पुसू नका.”

धाकूने कौल उचलले. हळदकुंकवासकट. छातीशी धरून तो वाडीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत गेला. मागे रघु, मागे गोदा, मागे सगळी वाडी. ठमाबाई अजून आढ्यावरच होती. धाकू शिडी चढला. म्हातारा माणूस, एकेक पायरी चाचपत. त्याने ते कौल त्या जागी बसवले, आणि खाली घरातला उन्हाचा तुकडा पुसला गेला.

“नीट बसव,” ठमाबाई म्हणाली. “वाऱ्यानं सरकंल.”

त्याने पुन्हा नीट बसवले. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “इस्तव आनू?”

“माझी चूल पेटलीय. बर्नाडेटनं दिलाय.”

धाकूने मान खाली घातली आणि शिडीच्या पायऱ्या शोधू लागला. तो दोन पायऱ्या उतरला असेल, तेव्हा वरून आवाज आला. “पन आन. दोन निखारे जास्ती झाले म्हनून काय बिघडत नाय.”

त्या संध्याकाळी तिच्या चुलीत बारा घरांचे निखारे आले. भात लागला खाली, इतका जाळ झाला!

आणि मी? मी परत आळीत आलो. शेजाऱ्याकडे पंगत बसली होती. या खेपेला तेराही जण, नव्हे, तेरा घरे त्याच्याकडे जेवली आणि काही उरले नाही. मी माझे दार लोटून घेतले. मला नंतर कुणी हाक मारली नाही. कशाला मारतील? वाईट दिवसांचे नाव कुणी घेत नाही. तीस हजार एकोणतीस म्हटले की त्या वाडीत माणसे खाली बघायची. एकटा मी आधीही होतो. पण हाक येऊन गेल्यानंतरचा एकटेपणा निराळा असतो. पूर्वी नुसते बसता येत होते. आता बसून ऐकावे लागत होते.

म्हणून मित्रांनो, तुम्हांला या जुन्या आकड्याचे एक मागणे आहे. तुमच्या मोजणीत कधी एक कमी भरला, तर एकट्या बसलेल्याकडे पहिले बोट दाखवू नका. आधी आपल्या मोजण्याच्या रीतीकडे बघा. जिथे रोज हात जोडता, तिथेही बघा. आणि जो कुणाच्या वाट्यात बसत नाही, तो उणाच असतो असे समजू नका. त्याला मांडून बघायला थोडा वेळ द्या. कदाचित त्याचेही दोन चौक नेमके पडत असतील, एक मोठा आणि एक धाकटा.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण पुढच्या वर्षीचे सांगायचे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात मीठ उदंड पिकले. मोजायला सगळे जमले. धाकूने घसा खाकरला आणि म्हणाला, “माझा आवाज बसलाय. ठमाबाई मोजंल.” त्याचा आवाज मुळीच बसला नव्हता. हे वाक्य तो असे ओरडला, की पलीकडचे बगळे उडाले.

ठमाबाईने पहिली पाटी देवीपुढे रिकामी केली. “लाभ!” ती म्हणाली. सगळे पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. तिने दुसरी पाटी ओतली आणि म्हणाली, “दोन!” देवीची पाटी देवीचीच राहिली, पण मोजणीतून ती आता वगळली जाणार नव्हती. त्या वाडीत पुढे तसेच चालले.

मी आळीत बसून ऐकत होतो. विसाला एक खडा पडत होता. दिवस उलटले, खडे वाढत गेले, आवाज जवळ येऊ लागला. तीस हजार झाले. तीस हजार वीस झाले. आता पुढे ती नुसते एक, दोन, तीन म्हणत होती, सगळेच तसे म्हणतात. सात. आठ. मला ठाऊक होते, की ती ‘नऊ’ म्हणेल आणि माझ्या दारावरून पुढे जाईल. तीस हजार तीसकडे जायचे तर वाट माझ्या दारावरूनच आहे, पण वाटेतल्या घराकडे कोण बघतो?

ठमाबाईने पाटी ओतली. मग ती थांबली. खाडीवरून वारा आला, तिने पदर सावरला. मागे पाटी घेऊन उभी असलेली बर्नाडेट म्हणाली, “काय गं, विसरलीस?”

“नाय,” ठमाबाई म्हणाली. आणि तिने माझे पुरे नाव घेतले. सावकाश. ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसे.

“तीस हजार एकोनतीस.”

मी दार उघडून उंबऱ्यात उभा राहिलो. ती तेवढाच वेळ थांबली होती. मग बर्नाडेटने पुढची पाटी ओतली आणि मोजणी पुढे गेली.